लहान ग्रामीण काउंटीतल्या सरकारी शाळा कशा पारखाव्यात : व्हर्जिनियात नव्याने येणाऱ्या मराठी पालकांसाठी

वैद्यकीय प्रशिक्षणासाठी जे-१ व्हिसावर अमेरिकेत आलेल्या डॉक्टरला प्रशिक्षण संपल्यावर सहसा दोन वर्षे मायदेशी जाऊन राहावे लागते, आणि ही अट माफ करून घ्यायची असेल तर बहुतेकांना डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागात तीन वर्षे नोकरी करावी लागते. कॉनरॅड ३० या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेत प्रत्येक राज्याला वर्षाला अशा ३० डॉक्टरांची शिफारस करता येते. आपल्याकडची अनेक कुटुंबे मोठी शहरे सोडून डोंगराळ, विरळ वस्तीच्या काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय भागात) येऊन पोहोचतात ती याच वाटेने. आम्हीही असेच पश्चिम व्हर्जिनियात, अ‍ॅलेघेनी डोंगरांच्या पट्ट्यात आलो.

माझी रुग्णालयातली जागा ठरली, यजमानांना घरून काम करण्याची परवानगी मिळाली, आणि मुलगी दुसरीत व मुलगा सातवीत जाणार म्हणून शाळांचा शोध सुरू झाला. पहिले तीन आठवडे तो शोध आम्ही चुकीच्या दिशेने केला. घरांच्या संकेतस्थळांवर प्रत्येक घराखाली जवळच्या शाळेला दहापैकी गुण दिलेले असतात; ते गुण आम्ही वहीत उतरवून घेतले आणि आठ गुणांच्या शाळेजवळचे घर जवळजवळ पक्के केले. तेव्हा रुग्णालयातल्या एका अनुभवी परिचारिकेने मला विचारले, "तुमचा मुलगा नववीत गेला की त्याला गणित कोण शिकवणार, ते विचारलंत का?" त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही गुणांत नव्हते. लहान काउंटीत एका शाळेची दुसरीशी तुलना करून फारसे काही हाती लागत नाही; तुमच्या मुलाची किंडरगार्टनपासून बारावीपर्यंतची सगळी वाट त्या ठिकाणी कशी जाईल, हे पारखावे लागते. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत. नियम व्हर्जिनियाचे आहेत. दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांनी क्रम हाच ठेवावा, मात्र तपशील तिथल्या राज्याच्या शिक्षण विभागाकडून तपासून घ्यावेत.

१. आधी हद्द पक्की करा

सुरुवातीलाच एक गोंधळ दूर करायला हवा. भारतात नावात "पब्लिक स्कूल" असलेली शाळा बहुधा खासगी आणि महागडी असते. अमेरिकेत पब्लिक स्कूल म्हणजे करांच्या पैशांवर चालणारी, फी नसलेली सरकारी शाळा, आणि ग्रामीण काउंटीत बहुतेक सगळी मुले तिथेच जातात. मुलाला कोणत्या शाळेत घ्यायचे हे तुमच्या राहत्या पत्त्यावरून ठरते.

व्हर्जिनियात साधारणपणे एक काउंटी म्हणजे एक शाळा विभाग असतो. त्याला स्कूल डिव्हिजन म्हणतात. मात्र या राज्यात ३८ स्वतंत्र शहरे अशी आहेत जी भोवतालच्या काउंटीचा भाग नाहीत, आणि खरी फसगत इथेच होते. रॉकब्रिज काउंटीच्या मधोमध असलेले लेक्सिंग्टन हे असे स्वतंत्र शहर आहे. शहराबाहेर काही मैलांवर असलेल्या घरालासुद्धा टपालाच्या पत्त्यात "लेक्सिंग्टन" असेच लिहिले जाते, पण ते घर काउंटीत असते, त्याचा मालमत्ता कर काउंटीला जातो आणि मुले काउंटीच्या शाळेत जातात. त्यात आणखी एक गुंता असा की लेक्सिंग्टन शहराच्या विभागाचे स्वतःचे हायस्कूल नाही. शहरातली मुले आठवीनंतर रॉकब्रिज काउंटीच्या हायस्कूलमध्ये जातात. म्हणजे शहर आणि काउंटी यांची तुलना करत बसलेल्या पालकांना, नववीपासून पुढे दोन्हीकडची मुले एकाच वर्गात बसणार आहेत, याचा पत्ताच नसतो.

म्हणून घर भाड्याने घेण्याआधी किंवा विकत घेण्याआधी घराचा पूर्ण पत्ता घेऊन शाळा विभागाच्या कार्यालयात फोन करावा आणि विचारावे : हा पत्ता कोणत्या प्राथमिक शाळेत, कोणत्या मिडल स्कूलमध्ये आणि कोणत्या हायस्कूलमध्ये येतो? उत्तर ईमेलने मागून घ्यावे. घरमालक किंवा घरे दाखवणारा एजंट जे सांगतो त्यावर विसंबू नये. आम्हाला दाखवलेल्या एका घराच्या जाहिरातीत चुकीच्या शाळेचे नाव होते, आणि ते चुकीचे आहे हे एजंटलाही ठाऊक नव्हते.

२. बारावीपर्यंतची पूर्ण शिडी कागदावर काढा

एका कोऱ्या कागदावर तुमच्या मुलाची आत्ताची इयत्ता लिहा आणि तिथून बारावीपर्यंत कोणत्या वर्षी तो कोणत्या इमारतीत असेल ते मांडा. मोठ्या शहराजवळच्या काउंटीत हा कागद दहा पर्यायांनी भरून जातो. इथे तो चार ओळींत संपतो. हायलंड काउंटी ही व्हर्जिनियातली सर्वांत कमी लोकसंख्येची काउंटी, २०२० च्या जनगणनेत तिथे २,२३२ माणसे होती. मॉन्टेरी या गावात तिची एक प्राथमिक शाळा आणि एक हायस्कूल आहे. शेजारच्या बाथ काउंटीत दोन प्राथमिक शाळा आणि एक हायस्कूल आहे. अशा ठिकाणी "कोणती शाळा चांगली" हा प्रश्न खरे तर "कोणत्या काउंटीत राहावे" असा असतो, आणि नोकरीच्या ठिकाणापासून पाऊण तासाच्या अंतरात किती काउंट्या येतात यावर तुमच्या पर्यायांची संख्या ठरते. नकाशावरचे मैल पाहून अंतर ठरवू नका. मधे खिंड असेल तर वीस मैलांना हिवाळ्यात पाऊण तास सहज लागतो.

शिडी काढताना शाळा विलीन होण्याची चर्चा आहे का, हेही विचारा. विद्यार्थी घटत चालले की दोन शाळा एक होतात, आणि कधी कधी दोन विभागही एक होतात. अ‍ॅलेघेनी काउंटी आणि कोव्हिंग्टन शहर यांचे शाळा विभाग २०२२ मध्ये एकत्र येऊन अ‍ॅलेघेनी हायलंड्स पब्लिक स्कूल्स असा एक विभाग झाला. विलीनीकरण वाईटच असते असे माझे मत नाही. मुलांची संख्या वाढली की विषयांची निवडही वाढते. पण तुम्ही ज्या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर घर घेता, ती शाळाच दोन वर्षांनी बंद होणार असेल, तर ते आधी कळलेले बरे. याची माहिती स्कूल बोर्डाच्या, म्हणजे शाळा विभाग चालवणाऱ्या मंडळाच्या, बैठकांच्या इतिवृत्तांत मिळते. ती विभागाच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली असतात. मागच्या वर्षभराची इतिवृत्ते चाळायला एक संध्याकाळ पुरते, आणि काउंटीची खरी नाडी तिथे सापडते.

३. आकडे वाचा, पण लहान आकड्यांची जाण ठेवून वाचा

आकड्यांसाठी पहिले ठिकाण म्हणजे राज्याच्या शिक्षण विभागाचे स्कूल क्वालिटी प्रोफाइल्स हे संकेतस्थळ. प्रत्येक शाळेचे वाचन, गणित आणि विज्ञान या विषयांचे निकाल, गैरहजेरी, शिक्षकांची पात्रता, हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण हे सर्व तिथे वर्षवार मिळते. राज्याच्या परीक्षांना एस.ओ.एल. म्हणतात. तिसरी ते आठवीपर्यंत वाचन आणि गणिताची परीक्षा दरवर्षी होते, विज्ञानाची पाचवीत आणि आठवीत होते, आणि हायस्कूलमध्ये विषय संपताना परीक्षा होते. केंद्र सरकारच्या शैक्षणिक आकडेवारी केंद्राच्या संकेतस्थळावर शाळेची पटसंख्या, शिक्षकांमागे विद्यार्थी आणि शाळा किती आडबाजूला आहे हेही सापडते. सर्वांत दूरच्या गटाला तिथे "रूरल रिमोट" म्हणतात.

आता लहान आकड्यांविषयी. समजा एका शाळेत तिसरीत २४ मुले आहेत आणि त्यांतली १८ वाचनाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली, तर निकाल ७५ टक्के. पुढच्या वर्षी तिसरीत २२ मुले आली आणि १९ उत्तीर्ण झाली, तर निकाल ८६ टक्के. कागदावर शाळा एका वर्षात ११ टक्क्यांनी सुधारली. प्रत्यक्षात वर्ग तोच, बहुधा बाईही त्याच, फक्त मुले वेगळी. तेवीस-चोवीस मुलांच्या वर्गात एका मुलाला परीक्षेच्या दिवशी ताप आला तरी निकाल चार टक्क्यांनी हलतो. यावर उपाय सोपा आहे : किमान तीन वर्षांचे आकडे घ्या, उत्तीर्ण मुलांची बेरीज करा आणि तिला परीक्षा दिलेल्या एकूण मुलांनी भागा. वरच्या उदाहरणात दोन वर्षे मिळून ४६ पैकी ३७, म्हणजे साधारण ८० टक्के. दोन काउंट्यांमधला फरक या पद्धतीने पाच-सात टक्क्यांचाच निघाला, तर त्यावरून घर निवडू नये.

काही रकान्यांत आकड्याऐवजी फक्त "पेक्षा कमी" असे चिन्ह दिसते. मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून फार लहान गटाचे निकाल राज्य झाकून ठेवते. इंग्रजी शिकणारी मुले किंवा आशियाई मुले या गटांचे निकाल ग्रामीण शाळांत बहुधा असे झाकलेलेच असतात. याचा अर्थ शाळा काही लपवते असा नाही. त्या गटात मोजकीच मुले आहेत इतकाच आहे, आणि तुमचे मूल त्या मोजक्यांत एक असेल हेही त्यातून कळते.

नुसत्या उत्तीर्णांच्या टक्केवारीपेक्षा मुलांची प्रगती दाखवणारा आकडा पाहणे मला अधिक योग्य वाटते. गरीब कुटुंबांतली मुले जास्त असलेल्या शाळेची टक्केवारी कमी दिसते, पण तिथले शिक्षक एका वर्षात मुलाला बरेच पुढे नेत असतात. २०२५-२६ पासून व्हर्जिनियाने शाळेची मान्यता आणि शाळेची कामगिरी या दोन गोष्टी वेगळ्या केल्या असून, कामगिरीसाठी शाळांचे चार गट केले आहेत : डिस्टिंग्विश्ड, ऑन ट्रॅक, ऑफ ट्रॅक आणि नीड्स इंटेन्सिव्ह सपोर्ट. त्यात प्रावीण्य, प्रगती आणि पुढच्या टप्प्याची तयारी यांचा विचार होतो. जुन्या वर्षांच्या "अक्रेडिटेड" या शिक्क्याची आणि या नव्या गटांची सरळ तुलना करू नका. ती दोन वेगळी मापे आहेत.

घरांच्या संकेतस्थळांवर दिसणारे ग्रेटस्कूल्सचे दहापैकी गुण आणि निश या संकेतस्थळाच्या श्रेणी यांना मर्यादा आहेत. दोन्ही संस्था खासगी आहेत. त्यांच्या गुणांत परीक्षांच्या निकालांचा वाटा मोठा असतो, आणि परीक्षांचे निकाल कुटुंबाच्या उत्पन्नाशी फार जवळून बांधलेले असतात. निशमध्ये लोकांच्या मतांचाही समावेश असतो, आणि छोट्या शाळेविषयी ही मते चार-पाचच असतात. यादी करण्यापुरते हे गुण पाहा, निर्णयासाठी नको.

गरिबीच्या आकड्याविषयीही एक सूचना. अनेक ग्रामीण शाळांत सगळ्याच मुलांना नाश्ता आणि जेवण मोफत मिळते, कारण ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त मुले सरकारी मदतीस पात्र असली की संपूर्ण शाळा केंद्राच्या योजनेत येऊ शकते. २०२३ मध्ये हे किमान प्रमाण ४० वरून २५ टक्क्यांवर आणले गेले. त्यामुळे "सर्वांना मोफत जेवण" हे वाचून तिथली सगळी मुले गरीब आहेत असे समजू नये.

४. शिक्षकांविषयी विचारा

माझ्या मते सर्व पायऱ्यांत ही सर्वांत महत्त्वाची. मोठ्या हायस्कूलमध्ये गणिताचे दहा शिक्षक असतात. एक गेला तरी नऊ उरतात. लहान हायस्कूलमध्ये वरचे गणित शिकवणारी एकच व्यक्ती असते, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मिळून एकच, आणि ती निवृत्त झाली की तो विषयच एक-दोन वर्षे बंद पडू शकतो. आठ गुणांची जी शाळा आम्ही निवडत होतो, ती ज्या हायस्कूलमध्ये मुले पाठवते तिथली गणिताची जागा त्या वेळी वर्षभर रिकामी होती आणि मुले संगणकावर धडे पाहून शिकत होती.

राज्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक शाळेतले नवखे शिक्षक, तात्पुरत्या परवान्यावर काम करणारे शिक्षक आणि आपल्या विषयाबाहेर शिकवणारे शिक्षक यांचे प्रमाण दिलेले असते. ते पाहा, आणि मग प्राचार्यांना नम्रपणे विचारा : गणित, विज्ञान आणि इंग्रजी शिकवणारे शिक्षक इथे किती वर्षांपासून आहेत? या वर्षी किती जागा रिकाम्या आहेत? त्या कशा भरल्या आहेत? शाळेला टायटल वन या, गरीब मुले जास्त असलेल्या शाळांसाठीच्या केंद्रीय योजनेचा निधी मिळत असेल, तर तुमच्या मुलाच्या शिक्षकाची पात्रता विचारण्याचा हक्क तुम्हाला कायद्याने आहे. हा प्रश्न विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही. उलट, लहान गावात प्राचार्य स्वतः वेळ काढून बोलतात. आमच्याशी त्या तासभर बोलल्या आणि कोणते शिक्षक पुढच्या वर्षी जाणार आहेत हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले.

प्राथमिक शाळेसाठी एक प्रश्न जोडा : वाचन कोणत्या पद्धतीने शिकवता? व्हर्जिनिया लिटरसी अ‍ॅक्टनुसार २०२४-२५ पासून वाचनाचे शिक्षण संशोधनाचा आधार असलेल्या पद्धतीनेच द्यायचे आहे, त्यामुळे अक्षर-ध्वनी यांचे शिक्षण रोज किती वेळ होते आणि मागे पडलेल्या मुलाला कोण मदत करते, याचे नेमके उत्तर मिळायला हवे.

५. आठवीच्या पुढचे विषय आजच तपासा

मूल आज दुसरीत असले तरी हायस्कूलची विषयसूची मागून घ्या. तिला प्रोग्रॅम ऑफ स्टडीज म्हणतात. त्यात छापलेला प्रत्येक विषय प्रत्यक्ष शिकवला जातोच असे नाही. पुरेशी मुले न मिळाल्यास वर्ग भरत नाही. म्हणून "मागच्या दोन वर्षांत यांतले कोणते वर्ग खरोखर भरले?" असे विचारावे. समुपदेशकांकडे, म्हणजे ज्यांना इथे काउन्सेलर म्हणतात त्यांच्याकडे, याचे उत्तर असते.

गणितासाठी नेमका प्रश्न असा : आठवीत अल्जेब्रा वन घेता येते का? आठवीत अल्जेब्रा, नववीत भूमिती, दहावीत अल्जेब्रा टू, अकरावीत कॅल्क्युलसची पूर्वतयारी आणि बारावीत कॅल्क्युलस असा क्रम लागतो. आठवीची संधी हुकली तर बारावीपर्यंत कॅल्क्युलस गाठायला एखाद्या वर्षी दोन विषय एकत्र घ्यावे लागतात, आणि छोट्या शाळेच्या वेळापत्रकात ते बसतेच असे नाही. ज्यांची मुले सहावी-सातवीत आहेत त्यांनी हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. आम्ही विचारला म्हणून मुलाची गणिताची चाचणी पहिल्याच आठवड्यात झाली.

शाळेत नसलेले विषय मिळवण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला व्हर्च्युअल व्हर्जिनिया, राज्य सरकारचा ऑनलाइन अभ्यासक्रम, ज्यात प्रगत पातळीचे एपी विषयही मिळतात. दुसरा मार्ग ड्युअल एन्रोलमेंट : राज्यात २३ कम्युनिटी कॉलेजे आहेत, आणि त्यांच्याशी करार करून हायस्कूलच्या मुलांना कॉलेजचे श्रेयांक (क्रेडिट) मिळतात. तिसरा गव्हर्नर्स स्कूल. हे प्रादेशिक असते, अनेक विभागांची निवडक मुले अर्धा दिवस तिथे जातात. क्लिफ्टन फोर्जच्या कम्युनिटी कॉलेजच्या आवारातले जॅक्सन रिव्हर गव्हर्नर्स स्कूल त्यांपैकी एक. प्रत्येक मार्गाबद्दल विचारायचे ते असे : आमच्या काउंटीतून मागच्या वर्षी किती मुले गेली, वाहतूक कोण करते आणि शुल्क कोण भरते? गव्हर्नर्स स्कूलमध्ये प्रत्येक काउंटीला ठरावीक जागा असतात, आणि एखाद्या काउंटीने भागच घेतलेला नसतो. शेजारच्या दोन काउंट्यांमधला खरा फरक कधी कधी एवढाच असतो.

हायस्कूल पूर्ण केल्यावर मिळणाऱ्या पदविकांचे दोन प्रमुख प्रकारही लक्षात ठेवा. स्टँडर्ड डिप्लोमाला २२ श्रेयांक लागतात, अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीज डिप्लोमाला २६, आणि दुसऱ्यासाठी परकीय भाषा आवश्यक आहे : एक भाषा तीन वर्षे किंवा दोन भाषा प्रत्येकी दोन वर्षे. छोट्या शाळेत बहुधा स्पॅनिश हीच एक भाषा असते, आणि स्पॅनिशच्या बाई गेल्या तर काय करणार, हे विचारायला विसरू नका.

वेल्डिंग, शेती, यंत्रदुरुस्ती, परिचर्या साहाय्यक असे व्यवसाय शिक्षणाचे वर्ग ग्रामीण काउंटीत अतिशय चांगले चालतात. आपल्याकडे त्यांना दुय्यम समजण्याची सवय आहे. माझा मुलगा आठवीत शेतीच्या वर्गात गेला, त्याने एका शेळीची वर्षभर निगा राखली, रोज तिच्या खाण्याची आणि वजनाची नोंद ठेवली, आणि जीवशास्त्र त्याला जेवढे त्या वहीतून कळले तेवढे पुस्तकातून कळले नव्हते.

६. बसने जाऊन पाहा, निदान बसच्या मागे गाडीने जा

शाळेची इमारत दहा मैलांवर असली तरी बस साऱ्या खोऱ्यातून फिरत येते, त्यामुळे एका बाजूचा प्रवास तासभर होऊ शकतो. आम्ही ऑक्टोबरमधल्या एका सकाळी, घर घेण्याआधी, त्या रस्त्यावर गाडी उभी करून थांबलो. सहा वाजून पस्तीस मिनिटांनी, पूर्ण अंधारात, खडीच्या वळणावर बसचे पिवळे दिवे दिसले; एक सात-आठ वर्षांची मुलगी कपाळाला विजेरी बांधून एकटी उभी होती. आमच्या मुलीचीही हीच वेळ झाली असती. आम्ही ते घर सोडले आणि बस जिथे शेवटी येते अशा गावाजवळचे घर घेतले.

वाहतूक विभागाला विचारा : बस कोणत्या वेळी येईल, मुख्य रस्त्यापर्यंत मुलाला किती चालावे लागेल, चालक कमी पडले तर फेऱ्या एकत्र करता का, आणि खेळ किंवा वाद्यवृंदाचा सराव संपल्यावर उशिराची बस आहे का? उशिराची बस नसेल तर शाळेनंतरचे सगळे उपक्रम तुमच्या गाडीवर अवलंबून राहतात.

बर्फाचे दिवसही विचारात घ्या. व्हर्जिनियात वर्षाला १८० दिवस किंवा ९९० तास अध्यापन व्हावे लागते. बरेच डोंगराळ विभाग तासांचा हिशेब धरतात आणि सुट्टीचे दिवस त्यात सामावून घेतात. पहाटे साडेपाचला दोन तास उशिराचा किंवा सुट्टीचा संदेश येतो. पती-पत्नी दोघेही नोकरी करत असाल तर अशा दिवसांची सोय आधीच लावून ठेवा.

शाळेत फेरी मारताना वाचनालयातील पुस्तके किती नवी आहेत ते पाहा, मधल्या सुट्टीत मुले कुठे खेळतात ते पाहा, आणि भिंतीवर मुलांचे लिखाण लावलेले असेल तर ते वाचा. तिसरीतल्या मुलाने किती ओळी, किती सलगपणे लिहिल्या आहेत, यावरून त्या वर्गाच्या कामाचा बराच अंदाज येतो.

७. पैसा कोण देतो ते समजून घ्या

राज्याकडून किती मदत मिळेल ते लोकल कॉम्पोझिट इंडेक्स या सूत्राने ठरते. त्यात मालमत्तेच्या मूल्याला ५० टक्के, रहिवाशांच्या उत्पन्नाला ४० टक्के आणि किरकोळ विक्रीला १० टक्के वजन असते, आणि निर्देशांक, म्हणजे काउंटीने स्वतः उचलायचा वाटा, ०.८ च्या वर जात नाही. डोंगरात श्रीमंतांची सुट्टीतली घरे किंवा मोठा वीजप्रकल्प असला की काउंटी कागदावर श्रीमंत दिसते आणि राज्याचा वाटा घटतो, जरी तिथले कायमचे रहिवासी साधेच असले तरी. स्कूल बोर्डाला स्वतः कर लावता येत नाही. पैसा बोर्ड ऑफ सुपरव्हायझर्स, म्हणजे काउंटीचा कारभार पाहणारे मंडळ, मंजूर करते. नवे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते, म्हणून वसंतातल्या अंदाजपत्रकाच्या सुनावणीला एकदा जाऊन बसा. शिक्षकांची पगारवाढ मागताना कोण काय बोलते, ते ऐकले की शाळांविषयी काउंटीची भूमिका कळते.

८. भाषेचा अर्ज विचारपूर्वक भरा

नावनोंदणीच्या वेळी घरी कोणती भाषा बोलता, असा अर्ज देतात. काही मराठी पालक भीतीने तिथे "इंग्रजी" लिहितात. तसे करू नका. खरे तेच लिहा. मराठी लिहिले की मुलाची इंग्रजीची "विडा" (WIDA) नावाची चाचणी होते. मूल इंग्रजीत तयार असेल तर ते पहिल्याच चाचणीत बाहेर पडते, आणि तयार नसेल तर मदत मिळते. ती वर्गवारी कमीपणाची नाही. मात्र लहान विभागात इंग्रजी शिकवणारी एकच शिक्षिका अनेक शाळांत फिरत असते, म्हणून आठवड्यातून किती वेळा आणि किती मिनिटे, हे विचारावे.

मुलाला विशेष शिक्षणाची गरज असेल तर हा प्रश्न आणखी गंभीर होतो. वाचा-उपचार आणि व्यवसायोपचार करणारे तज्ज्ञ कोणत्या दिवशी येतात, जागा भरलेल्या आहेत का, याची विचारणा लेखी करा. मूल्यमापनाची मागणी दिल्यापासून पात्रता ठरवण्यासाठी व्हर्जिनियात ६५ कामकाजाच्या दिवसांची मुदत आहे, त्यामुळे अर्जाची तारीख लिहून ठेवा.

९. कागदपत्रे भारतातून निघण्यापूर्वीच तयार करा

पुढील कागद लागतात :
– जन्मदाखल्याची प्रमाणित प्रत
– राहत्या पत्त्याचा पुरावा : भाडेकरार किंवा वीजबिल
– राज्याचा शाळाप्रवेश आरोग्य अर्ज, डॉक्टरांनी भरलेला. पहिल्यांदा प्राथमिक शाळेत जाणाऱ्या मुलाची शारीरिक तपासणी मागच्या १२ महिन्यांतली हवी
– लसीकरणाची पूर्ण नोंद
– आधीच्या शाळेची प्रगतिपुस्तके. नववी किंवा त्यापुढच्या मुलांसाठी विषयवार गुणपत्रके आणि अभ्यासक्रम, कारण त्यावर श्रेयांक ठरतात
– पालकांचे ओळखपत्र

जन्मदाखल्यावर बाळाचे नाव आहे का, ते आजच पाहा. आपल्याकडच्या अनेक दाखल्यांवर आईवडिलांची नावे असतात आणि बाळाच्या नावाची जागा कोरी असते. तो दाखला घेऊन इथे बसलात की महानगरपालिकेत नातेवाइकांना हेलपाटे घालावे लागतात. दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत ठेवा.

लसींच्या बाबतीत मी डॉक्टर असूनही अडखळले, म्हणून सविस्तर लिहिते. भारतातल्या सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची लस मिळते. व्हर्जिनियात गालगुंडाचीही लागते. शिवाय आपल्याकडे पहिला डोस नवव्या महिन्यात देतात, आणि पहिल्या वाढदिवसाआधी दिलेला डोस इथे धरत नाहीत. कांजिण्या आणि हिपॅटायटिस ए या लसी सरकारी कार्यक्रमात नाहीत, इथे त्या लागतात. सातवीत जाताना धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याचा वाढीव डोस आणि मेनिंगोकोकल मेंदूज्वराची लस लागते. डोस अपुरे असतील तर डॉक्टरांनी वेळापत्रक आखून दिल्यावर ९० दिवसांचा सशर्त प्रवेश मिळू शकतो, पण त्यासाठी प्रत्येक लसीचा किमान एक डोस झालेला हवा. आणि तारखा : आपल्या कार्डावरचे ०५/०८ म्हणजे पाच ऑगस्ट, इथे ते आठ मे वाचले जाते. महिना अक्षरांत लिहिलेली नवी नोंद बालरोगतज्ज्ञांकडून सही-शिक्क्यासह घेऊन या.

किंडरगार्टनसाठी मूल ३० सप्टेंबरपर्यंत पाच वर्षांचे झालेले असावे. शाळा सोडल्याचा दाखला इथे मागत नाहीत. कुटुंबाच्या व्हिसाच्या स्थितीवरून सरकारी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही; १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. सोशल सिक्युरिटी क्रमांक नसल्यामुळेही प्रवेश अडत नाही.

१०. भारतवारीचे तिकीट काढण्याआधी

वर्षातून दहा टक्के दिवस, म्हणजे १८० पैकी १८ दिवस, गैरहजर राहिलेले मूल "दीर्घ गैरहजर" धरले जाते, आणि हा आकडा शाळेच्या मूल्यमापनात जातो. पन्नास मुलांच्या इयत्तेत दोन मराठी भावंडांची महिनाभराची भारतवारी शाळेला जाणवते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सलग १५ शालेय दिवस गैरहजर राहिलेल्या मुलाचे नाव पटावरून काढले जाते. नाताळच्या सुट्टीला जोडून तीन आठवडे घेतले तर ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते, आणि मग परत आल्यावर नावनोंदणी नव्याने करावी लागते. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी प्राचार्यांना ईमेल लिहून तारखा कळवा, शालेय दिवस किती जातात ते त्यांच्या दिनदर्शिकेवरून मोजा, परीक्षांचे आठवडे टाळा, आणि नववा मुद्दा वाचून तयार केलेल्या कागदांची फाइल घरी बंद कपाटात न ठेवता तिच्या छायाप्रती फोनमध्ये घेऊनच निघा.